बसका कोपरा

फाटक्या नोटेवरून माणसाची पारख होते, असं माझं बँकेतल्या तेवीस वर्षांच्या नोकरीनंतरचं मत आहे. काही माणसं फाटकी नोट काउंटरवर उघडी ठेवतात आणि म्हणतात, "साहेब, ही एवढी बदलून द्या." दुसरी माणसं तीच नोट गड्डीच्या बरोबर मध्ये, फाटकी बाजू आत करून घालतात आणि गड्डी पुढे सरकवताना माझ्या मुलाबाळांची चौकशी करतात. गंमत अशी, की फाटकी नोट बँकेत बदलून मिळते. रिझर्व्ह बँकेचे तसे नियमच आहेत. पण हाती आलेली फाटकी नोट बदलायची नसते, खपवायची असते, हा आपल्या संसाराचा एक मूलभूत सिद्धान्त आहे. रिक्षावाला ती आपल्याला खपवतो, आपण भाजीवाल्याला, भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला. एवढा प्रवास करूनही त्या नोटेच्या वाट्याला एकही प्रामाणिक माणूस येत नाही.

काचेच्या आत बसून मी या लोकांकडे अनेक वर्षं जरा वरूनच पाहत आलो. गेल्या जूनमध्ये आमच्या क्लबाने टेबल टेनिसची टेबलं बदलायचं ठरवलं, आणि त्यानंतर मला काचेच्या आत बसणं थोडं अवघड जाऊ लागलं.

आमचा क्लब सानपाड्याला आहे. वाशी आणि जुईनगर यांच्यामध्ये गाडी थांबते ते सानपाडा. एका अंगाला पाम बीच रस्ता, दुसऱ्या अंगाला तुर्भ्याचा घाऊक बाजार. घरात बसल्या बसल्या नुसत्या नाकाने वाऱ्याची दिशा सांगता येते. कांद्याचा वास, मसाल्याचा वास किंवा खाडीचा वास, यांपैकी एक असतोच. या तिन्ही वासांच्या मधोमध आमचा हॉल. त्यात दोन टेबलं, चार कॅरम बोर्ड, एक कुरकुरणारा कूलर आणि अकरा जणांची कार्यकारिणी. मी खजिनदार. बँकेतल्या माणसाला पैशातलं कळतं, असा एक समज बँकेबाहेर फार पसरला आहे. त्याचा हा परिणाम.

दोन टेबलांपैकी दाराकडचं टेबल तरुण पोरांचं. त्याचे पाय डगमगायचे, पण पोरांचे पाय त्याहून जास्त हलत असल्यामुळे त्यांच्या ते लक्षात येत नसे. खिडकीकडचं टेबल आम्हा प्रौढांचं. या टेबलाच्या खिडकीच्या बाजूच्या एका कोपऱ्यात चेंडू बसायचा. बसायचा म्हणजे तिथे टप्पा पडला की उसळी घ्यायच्या ऐवजी तो विरक्ती घ्यायचा.

हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मला होतं. कारण तो कोपरा मीच बसवला होता. सात वर्षांपूर्वी वर्धापनदिनाला पन्ह्याचं पिंप मी तिथे ठेवलं होतं. पन्ह्यात बर्फ, पिंपाला घाम, घामाखाली टेबल. आणि टेबल भुशाच्या दाबलेल्या फळीचं. असल्या फळीला पाणी म्हणजे सासरच्या माणसासारखं, एकदा आत शिरलं की निघत नाही. सकाळी पाहतो तो कोपरा फुगलेला! मी गुपचूप सुतार बोलावला. त्याने पॉलिशपेपर मारून फुगवटा बसवला, वर हिरवा रंग दिला आणि दीडशे रुपये घेतले. ते मी खिशातून दिले. क्लबाच्या हिशेबात ज्या खर्चाचं व्हाउचर नाही असा तो माझ्या कारकिर्दीतला एकमेव खर्च. लोक मला इतका सचोटीचा का समजतात ते यावरून कळेल.

रंगाने फुगवटा गेला, पण फळी आतून पोकळ झाली होती. हे मला पहिल्यांदा कळलं ते आमच्या पोस्टमास्तरांशी खेळताना. मास्तर म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. वय सत्तरीच्या अलीकडे, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गेम अकरा गुणांचा होऊन पंचवीस वर्षं होत आली तरी तोंडी अजून एकवीसचीच भाषा. मनगट मात्र असं, की चेंडूवर शिक्का मारल्यासारखा फटका यायचा. मी त्यांच्याशी कायम हरायचो. एके दिवशी माझी लांब सर्व्हिस चुकून त्या कोपऱ्यात पडली. मास्तरांची बॅट योग्य वेळी योग्य उंचीवर आली आणि चेंडू तिच्या खालून निघून गेला. मास्तर म्हणाले, "वा! छान फिरवलात." मी म्हणालो, "थँक्यू."

या 'थँक्यू'पासून माझा नैतिक ऱ्हास सुरू झाला.

त्यानंतर मी ती सर्व्हिस घासूनपुसून तयार केली. मास्तर खिडकीच्या टोकाला आले की ती काढायची. आता, प्रत्येक गेमनंतर बाजू बदलतात, तेव्हा तो कोपरा माझ्याही वाट्याला यायचाच. मग यात अन्याय कुठला? असं मी मनाला विचारायचो आणि मन म्हणायचं, अजिबात नाही. फरक इतकाच, की बाजू बदलली तरी माहिती बदलत नव्हती. मी त्या कोपऱ्यात बॅट खाली धरून उभा राहायचो, मास्तर वर धरून. मी जिंकू लागलो. दोन-तीन वर्षं हे चाललं. मग मास्तरांनी चष्मा बदलला. पुढे आणखी एकदा बदलला. आणि एके दिवशी बॅट कव्हरात घालून म्हणाले, "खजिनदार, बॅकहँडला चेंडू दिसेनासा झालाय. वय झालं." दुसऱ्या दिवसापासून ते कॅरमला बसू लागले. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि खरं सांगणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकातून दुसऱ्यात रक्कम आपोआप वर्ग होत नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मग तो जून उजाडला. कार्यकारिणीने नव्या टेबलांसाठी ८०,००० रुपये मंजूर केले आणि तिघांची खरेदी समिती नेमली. सेक्रेटरी, कारण ते सेक्रेटरी. मी, कारण चेकवर माझी सही. आणि मास्तर, कारण ते आता खेळत नाहीत म्हणून निःपक्षपाती!

आम्ही हार्बरच्या गाडीने सीएसएमटीला उतरलो आणि धोबी तलावावरच्या खेळाच्या दुकानांकडे वळलो. टेबल निवडणं हे मुलगी पाहण्याइतकं सोपं असेल, अशी सेक्रेटरींची कल्पना होती. त्यांनी पहिल्याच दुकानात एका चकचकीत निळ्या टेबलावर बोट ठेवलं. चाकं होती, फोटोत खुलून दिसेल असा रंग होता. दुकानदार जाडी सांगू लागला. अठरा मिलीमीटर, बावीस, पंचवीस. जाडी जितकी जास्त तितकी त्याची आमच्याशी बोलण्यातली आदबही वाढत होती.

मास्तरांनी पिशवीतून एक फूटपट्टी आणि एक चेंडू काढला. म्हणाले, "टेबल कशाचं करावं हे नियमात नाहीये. लाकूड असो, काही असो. लांबी नऊ फूट, रुंदी पाच, उंची अडीच, आणि तीस सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू सगळीकडे सारखा, साधारण तेवीस सेंटीमीटर उसळला पाहिजे. बस्स." मी आजवर हा नियम वाचला नव्हता. वाचल्यावर वाटलं, एखाद्या राज्यघटनेत शोभावा. तू कशाचा आहेस ते विचारत नाही. तू सगळ्यांना सारखी उसळी देतोस की नाही तेवढं सांग.

मास्तर चेंडू सोडत होते, सेक्रेटरी आकडे लिहीत होते, आणि दुकानदार आधी हसत होता, मग गप्प झाला. निळं टेबल मध्यभागी तेवीस आणि कडेला वीस निघालं. शेवटी बावीस मिलीमीटरचं एक साधं, हिरवं, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं टेबल सगळीकडे तेवीसच्या आसपास उसळलं. तशी दोन ठरली. आणि परतताना, मानखुर्द सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली तेव्हा मास्तर सहज म्हणाले, "जुनं टेबलही एकदा मोजू या का? तुलनेसाठी."

त्या दिवशी पुलावरून खाडी मला फार जवळची वाटली.

हॉलमध्ये पोचताच मास्तरांनी खडूने टेबलावर चौकोन आखले. चेंडू सोडू लागले. "बावीस. तेवीस. बावीस." मी कूलरचं पाणी पिण्यात स्वतःला गुंतवून घेतलं. "तेवीस. एकवीस." मग जरा वेळ आवाज आला नाही. मग, "तेरा." त्यांनी चेंडू शर्टाला पुसला. पुन्हा सोडला. "तेरा." तिसऱ्यांदा सोडला, आणि आकडा सांगितलाच नाही. चष्मा काढला, पुसला, आणि तो डोळ्यांवर न ठेवता नुसता त्याच्याकडे पाहत राहिले.

"खजिनदार," ते म्हणाले, "तुमची ती लांब सर्व्हिस नेहमी इथेच यायची, नाही?"

"हो," मी म्हणालो.

"मला वाटायचं, माझा बॅकहँड कच्चा पडलाय हे तुम्ही ओळखलंत."

आता इथे खोटं बोलायला उत्तम जागा होती. 'हो ना, मलाही तसंच वाटायचं' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण का कोण जाणे, माझ्या तोंडून पन्हं बाहेर पडलं. पन्हं, पिंप, सुतार, दीडशे रुपये, सगळं. सेक्रेटरी ऐकत होते. त्यांना व्हाउचर नसल्याचाच जास्त धक्का बसलेला दिसला.

मास्तर ऐकून घेऊन म्हणाले, "कोपऱ्याचं काही नाही हो. फळीच ती, पाण्याने फुगणारच. हरल्याचंही काही नाही. पण मी चार वर्षं हिला सांगतोय, की माझं वय झालं. आणि तिनं विश्वास ठेवला. आता मला एकट्याला वाशीलासुद्धा जाऊ देत नाही."

ते निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी माझा खटला माझ्यापुढेच चालवला. मी बी.कॉम. आहे, आणि बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉ असतो. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १७. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं ते कलम साधारणपणे सांगतं, आणि वर एका घोड्याचं उदाहरण देतं. अमुकाने आपला अधू घोडा लिलावात तमुकाला विकला आणि अधूपणाबद्दल तो काही बोलला नाही, तर ती फसवणूक होत नाही. मी उशी उलटी केली आणि समाधानाने डोळे मिटले. पण त्याच कलमाखाली दुसरं उदाहरण आहे, ते परीक्षेला हमखास यायचं. घेणारी जर त्याचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र घोडा अधू आहे हे तिला सांगणं त्याचं कर्तव्य आहे.

म्हणजे कायद्याच्या मते, परक्यापुढे गप्प राहिलं तर चालतं. आपल्या माणसाला सांगावं लागतं. प्रश्न एवढाच उरतो, की आपलं माणूस कोण? मास्तर ना माझे वडील, ना मी त्यांचा मुलगा. पण सात वर्षांत त्यांच्यासमोर नऊ फुटांवर मी जितकी संध्याकाळ घालवली तितकी माझ्या सख्ख्या भावासमोरही घातलेली नाही.

मग मी खेळाचा आधार शोधला. १९५२ साली जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत भरली होती, तेव्हा जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. त्या बॅटीवर चेंडूचा आवाजच होईना. आवाजावर खेळणारे भलेभले गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला. मग मी काय वेगळं केलं? पण सातोची बॅट त्याच्या हातात होती, सगळ्यांना दिसत होती. पुढे खेळाडू बॅटीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या गुणांची रबरं लावू लागले, आणि दोन्हींचा रंग एकच ठेवू लागले, म्हणजे कुठल्या बाजूने फटका आला ते समोरच्याला कळू नये. तेव्हा १९८० च्या दशकात नियम झाला, की दोन बाजूंचे रंग वेगळे पाहिजेत. वेगळं रबर लावायला आजही बंदी नाही. हरकत लपवण्याला होती. इथे माझ्या वकिलाने वकीलपत्र परत घेतलं.

पहाटे बँकेतली साधी गोष्ट आठवली. दुहेरी नोंद पद्धत. एका खात्यातून काढलेली रक्कम हवेत जात नाही, ती कुठल्या तरी दुसऱ्या खात्यावर पडतेच. टेबलाचा दोष मी टेबलाच्या खात्यातून रंग मारून उडवला. मला वाटलं, मिटला. तो मास्तरांच्या डोळ्यांच्या खात्यावर नावे पडला. आपण एखादा दोष लपवतो तेव्हा समोरच्याचं मुख्य नुकसान पैशाचं किंवा गुणांचं नसतंच. त्याला कारण दिसत नाही, म्हणून तो ते स्वतःत शोधतो. आणि सभ्य माणूस असला तर त्याला ते हमखास सापडतं.

पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची सभा झाली. विषय, जुन्या टेबलांची विल्हेवाट. मी हिशेब मांडला. खिडकीकडचं टेबल बारा वर्षांपूर्वी २४,००० रुपयांना घेतलं होतं. वर्षाला दहा टक्के घसारा घटत्या शिलकीवर धरला तर आज पुस्तकी किंमत ६,७७८ रुपये. या पद्धतीत वस्तूची किंमत कधीच शून्यावर येत नाही. आत्म्यानंतर अमर असं जगात एवढंच. भंगारवाला मात्र ही पद्धत शिकलेला नसतो. तेव्हा सेक्रेटरींनी सुचवलं, की तुर्भ्याच्या बाजूला एक मुलांची अभ्यासिका आहे, तिला टेबल दान द्यावं आणि फोटो काढावा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅरमच्या कोपऱ्यातून मास्तर म्हणाले, "कोपऱ्याबद्दल सांगणार ना?"

"दान देताना दोष कशाला सांगायचा?" सेक्रेटरी म्हणाले. "सत्यनारायणाचा प्रसाद देताना तूप साजूक नाही असं कुणी सांगतं का?"

"कठोपनिषदातल्या नचिकेत्याचा बाप असाच यज्ञ करत होता," मास्तर म्हणाले. "शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दुधाचं नाव नसलेल्या गाई दान देत होता. पोरगं बघत होतं. त्याला ते सोसेना. मला कुणाला देणार, असं ते विचारत सुटलं, तेव्हा बाप चिडून म्हणाला, तुला यमाला देतो. पुढचं सगळं ब्रह्मज्ञान त्या म्हाताऱ्या गाईंपायी निघालं. गाय जरूर द्या हो. फक्त ती दूध देते असं तोंड करून देऊ नका."

सभेत शांतता पसरली. मी उभा राहिलो आणि ठराव मांडला, की बसक्या कोपऱ्याभोवती पांढऱ्या ऑइलपेंटने ठळक वर्तुळ काढावं, आणि घेणाऱ्यांना तोंडी सांगावं. रंगाचा खर्च खजिनदाराने स्वतः करावा आणि त्याचं व्हाउचर ठेवावं. ठराव एकमताने मंजूर झाला. वर्तुळ मी स्वतःच्या हाताने काढलं, दोन हात दिले, आणि मागे सरून पाहिलं तेव्हा मला फार पवित्र वाटलं.

रविवारी टेम्पो घेऊन अभ्यासिकेचा एक मुलगा आला. असेल सतरा-अठरा वर्षांचा. त्याने टेबलाभोवती एक फेरी मारली आणि वर्तुळापाशी थांबला. "हे काय, काका?"

मी सांगितलं. पन्ह्यापासून सांगितलं. आता मला त्या गोष्टीची सवय झाली होती आणि ती मी बरी सांगायचो. मुलाने ऐकून घेतलं, खिशातून चेंडू काढला, वर्तुळात दोनदा आपटला.

"आम्ही दोन बाकं जोडून खेळतो," तो म्हणाला. "तिथं चारही कोपरे असेच आहेत. चालतंय." मग वर्तुळावरून बोट फिरवत म्हणाला, "पण काका, रंग कशाला मारला? आता इथं चेंडू बसणार तर बसणारच, वर घसरणारपण. खडूने केलं असतं तरी कळलं असतं."

माझ्या प्रायश्चित्ताने कोपरा होता त्याहून बिघडला होता! त्या मुलाने टेम्पोत बसण्याआधी चाकूच्या पात्याने खरवडून वर्तुळ निम्मं काढून टाकलं. "मी पोरांना सांगतो," तो म्हणाला. तेवढंच करायचं होतं, हे मला ऑइलपेंट न आणता कळायला हवं होतं. खरं सांगायला उशीर झाला की माणूस ते गरजेपेक्षा जाड लावतो.

नवी टेबलं आली. पहिल्या दिवशी पोरांनी दोन्ही अडवली. दुसऱ्या संध्याकाळी मी हॉलमध्ये शिरलो तर खिडकीकडच्या टेबलापाशी पांढरे कॅनव्हासचे बूट. पन्ह्यावर कायमची बंदी घालणारी पाटी भिंतीवर लागलेली होती, अक्षर मास्तरांचं होतं.

"चला, खजिनदार," ते म्हणाले. "एकवीसचा खेळू."

"अकराचा असतो आता, मास्तर."

"मला चार वर्षांचं वसूल करायचंय. एकवीसचा."

खेळलो. एकवीस-चौदा. आकडा कुणाचा, ते विचारू नका. मास्तरांचा चष्मा तिसराच होता, मनगट पहिलंच. मधेच एकदा आणीबाणीच्या वेळी माझा हात आपोआप फिरला आणि ती जुनी लांब सर्व्हिस खिडकीच्या कोपऱ्यात गेली. चेंडू पडला, नेमाने तेवीस सेंटीमीटर वर आला, आणि मास्तरांनी त्यावर शिक्का मारून तो परत पाठवला.

"अजून तिथेच टाकता?" ते म्हणाले.

"सवय," मी म्हणालो, आणि टेबलाखाली चेंडू शोधायला वाकलो. तो लवकर सापडला, पण मी जरा वेळाने वर आलो.